शेगडीची नळी आणि प्रभाकररावांचं नाक

बुधवारी सकाळी प्रभाकररावांनी काडीपेटी उघडली आणि अनुसयाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात भर अंगणात, शेजाऱ्यांच्या देखत बायकोनं हात धरण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तीही काही प्रेमानं नव्हती.

“अवो, थांबा! वास येऊन राह्यला नं!”

“कायचा?”

“गॅसचा! अजून कायचा?”

प्रभाकररावांनी छाती भरून श्वास घेतला. मुकादम रास पाहताना घेतो तसा ऐटीत. मग शेगडीवर वाकून दुसरा घेतला. “काही नाई येत. वहम झाला तुले,” असं म्हणून त्यांनी काडी बाहेर काढली. अनुसयाबाईंनी काडीपेटी हिसकावली आणि पदरात बांधून टाकली.

ही शेगडी कुठून आली ते सांगितलं पाहिजे. समुद्रपूरला बसस्टँडच्या रस्त्यावर प्रभाकररावांचं कृषी केंद्र. बियाणं, खत, कीटकनाशकं, फवारणीचे पंप, सगळं एका छताखाली. दोन हजार सालच्या हंगामात एका औषध कंपनीनं स्कीम काढली. अमुक इतक्या पेट्या उचला आणि भेटवस्तू न्या. प्रभाकररावांनी पेट्या उचलल्या, कास्तकारांनी त्या फवारल्या, बोंडअळीनं त्या औषधात आंघोळ केली आणि ताजीतवानी होऊन पुढच्या बोंडावर गेली. अळी मेली नाही, पण शेगडी आली. ज्या औषधानं अळीला साधी शिंक येत नाही ते विकल्याबद्दल दुकानदाराला बक्षीस मिळतं, याची प्रभाकररावांना लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. फुकटची वस्तू घरात आली की माणसाची लाज मागच्या दारानं बाहेर जाते. हे एकट्या प्रभाकररावांचं नाही, तुमचं-आमचंही तसंच आहे, उगाच माना डोलवू नका.

पत्र्याच्या पेटीत दुमडून बसणारी, तीन पायांची, ताटलीएवढी शेगडी. सोबत कळशीएवढी निळी टाकी. दोघींना जोडणारी दीड हात नारिंगी नळी. कंपनीचा माणूस म्हणाला होता की मोठे साहेब लोक जंगलात तंबू ठोकून राहतात तेव्हा ही वापरतात. समुद्रपुरात तंबू ठोकणारे साहेब नव्हते, आणि रानात स्वयंपाक करणाऱ्या आपल्या लोकांना तीन दगड आणि चार गोवऱ्या पुरतात. त्यामुळे दीड वर्ष ती शेगडी शोकेसमध्ये कपबशांच्या शेजारी उभी होती. पाहुणा आला की त्याला आधी शेगडी दाखवायची, मग पाणी विचारायचं.

आणि मग माहूरची बस ठरली. पंचफुलाबाईंच्या भजनी मंडळानं माहूर, औंढा, शेगाव अशी चार दिवसांची यात्रा काढली. निघायचं शनिवारी सकाळी सहाला. मागच्या यात्रेत एका ढाब्यावरच्या चहानं अर्ध्या बसला खिडकीबाहेर तोंडं काढायला लावली होती, म्हणून या वेळी चहा आपला आपण करायचा असं ठरलं. पण कशावर? मंडळाच्या बैठकीत प्रश्न लोंबकळत राहिला. तेव्हा अकरा वर्षं नुसते टाळ वाजवणाऱ्या, कोणत्याही बैठकीत ‘हाव’ आणि ‘नाई’ यापलीकडे न बोललेल्या अनुसयाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “आमच्या घरी सफरीची शेगडी हाये. चहाचं माह्याकडे.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि पुन्हा टाळ हातात घेतले. अनुसयाबाई आजवर घराबाहेर गेल्या होत्या त्या सासरच्या लग्नांना, माहेरच्या मयतींना आणि सेवाग्रामच्या दवाखान्यात. तेही नवऱ्याच्या मागं तीन पावलं. एकटीनं, आपल्या हक्कानं, बसमध्ये खिडकीजवळ बसून जाण्याची ही पहिली वेळ होती. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला बजावलं, “शेगडी चालली तर मी जाईन. नाई चालली तर कोणत्या तोंडानं बसमधी बसू?”

“ते माह्यावर सोड,” प्रभाकरराव म्हणाले. पुढं जे काही झालं ते या तीन शब्दांमुळे झालं.

तर बुधवारी अंगणात वास आहे की नाही यावर नवरा-बायकोची जुंपलेली असताना भिंतीपलीकडून आवाज आला. “भाऊजी, माह्या तुळशीपर्यंत वास येऊन राह्यला, अन् तुमी काय नाई म्हणता?”

या सुलोचनाबाई. छत्तीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होत्या. निम्मं समुद्रपूर त्यांच्या हातावर जन्मलं आणि सगळ्या समुद्रपुरानं त्यांच्याकडून सुई टोचून घेतली. प्रभाकररावांना त्या आवडत नसत. ज्या बाईनं आपल्याला पालथं झोपवून सुई टोचली आहे, तिच्याशी पुढं आयुष्यभर ताठ मानेनं बोलणं कोणत्याही प्रतिष्ठित दुकानदाराला जड जातं.

सुलोचनाबाई वाटीत साबणाचा फेस घेऊनच आल्या. टाकीचा नॉब थोडा फिरवला आणि नळीला फेस लावला. नळीच्या तोंडाशी मुंगळ्याएवढे फुगे आले, फुटले, पुन्हा आले. “हा घ्या तुमचा वहम,” त्या म्हणाल्या आणि नॉब बंद केला.

प्रभाकररावांनी एक फुगा बोटानं फोडला. “थोडासाच हाये,” ते म्हणाले.

इथं दुसरे शेजारी रूपराव आले. रूपराव वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच उपाय शिकला होता, काळी टेप. तार तुटली, टेप. खुर्चीचा पाय मोडला, टेप. मागच्या वर्षी त्यांची शेळी कुंपणात अडकून खरचटली तर तिच्या पायालाही टेप होती.

“नळीचं तोंड सैल झालं, प्रभाकरभाऊ. तेवढं कापा, नवीन तोंड बसवा, वरून टेप मारा. पाच मिनटाचं काम हाये.”

पाच मिनिटांचं काम दुपारी बारापर्यंत चाललं. तोंड कापलं, नवीन बसवलं, टेप मारली, फेस लावला, फुगे. पुन्हा कापलं. नळी दीड वर्ष शोकेसमध्ये उन्हाच्या तिरिपेत उभी राहून कडक झाली होती, जिथं वाकेल तिथं तडकत होती. रूपराव दर वेळी म्हणत, “आता मात्र फिट्ट,” आणि दर वेळी फुगे येत. दीड हात नळीची शेवटी एक वीत उरली. शेगडी टाकीला बिलगून उभी राहिली, नव्या सुनेनं सासूला बिलगावं तशी, दोघींपैकी एक कधीही भडकेल अशी.

“आता जाळ सरळ टाकीले चाटन,” सुलोचनाबाई भिंतीवरून म्हणाल्या.

रूपरावांनी टेप खिशात घातली. “मंग एजन्सीतून नवीनच आना नं. जुने तुकडे सांभाळून ठेवजा. जुनी नळी जमा केल्याबिगर नवीन देत नाई ते.” एवढी माहिती जवळ असताना हा माणूस सकाळपासून कापायला का सांगत होता, हे प्रभाकररावांनी विचारलं नाही. शेजाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून नवीन सल्लाच मिळतो.

गुरुवारी प्रभाकरराव एसटीनं हिंगणघाटला गेले. गॅस एजन्सीच्या जाळीच्या खिडकीपुढं दोन तास उभे राहिले. भिंतीवर पाटी होती, ‘ग्राहक आमचे दैवत आहे.’ दैवताला बसायला बाकडं नव्हतं. दैवताचा नंबर आला तेव्हा जाळीमागचा ज्ञानेश्वर नावाचा कारकून डबा उघडून बसला होता. दैवत उभं राहिलं आणि कारकुनानं नैवेद्य खाल्ला.

“बोला भाऊ.”

“नळी पाह्यजे.”

“पुस्तक?”

प्रभाकररावांनी घरच्या गॅसचं पुस्तक जाळीखालून सरकवलं. ज्ञानेश्वरनं पानं उलटली. “मागच्या दिवाळीले नळी देल्ली तुमाले. दोन वर्सं दुसरी भेटत नाई.”

“ते घरच्या शेगडीची. हे वेगळी हाये, सफरीची.”

“तिची पावती आना.”

“भेट भेटली नं मले ते. भेटीची पावती राह्यते काय?”

“मंग भेट देल्ल्याचं पत्र आना कंपनीचं. शिक्क्यासकट.”

“कंपनीचा मानूस अकोल्याले बदलून गेला, बाप्पा!”

“अकोल्याले एसटी जाते,” ज्ञानेश्वर शांतपणे म्हणाला. हा माणूस रागावत नव्हता, हीच त्याची सगळ्यांत मोठी ताकद होती. सरकारनं आणि कंपन्यांनी देशभर अशा जाळ्या बसवून ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीमागं एक न रागावणारा माणूस. बाहेरच्याचं रक्त आटतं, आतल्याची पोळी पचते.

“बरं, जुनी नळी आनली काय?” ज्ञानेश्वरनं विचारलं. तेवढं जमलं तर साहेबाला विचारून पाहतो, असंही म्हणाला. खरं सांगायचं तर त्याच्या मनात मदत करायचं होतं.

प्रभाकररावांनी प्लॅस्टिकची पिशवी जाळीखालून आत सरकवली. ज्ञानेश्वरनं पिशवी उघडली, आत पाहिलं, शेजारच्या कारकुनाला दाखवलं. चौदा नारिंगी तुकडे, बोटाबोटाएवढे, काहींना काळी टेप.

“भाऊ, हे नळी नोहे. हे गाजराची कोशिंबीर हाये.”

मागची सगळी रांग हसली. त्यात एक समुद्रपूरचं गिऱ्हाईक होतं, ज्यानं प्रभाकररावांच्याच दुकानातून बियाणं नेलं होतं. तेही हसलं. प्रभाकररावांचे कान तापले. त्यांनी पिशवी ओढून घेतली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, “ठेवा तुमची नळी तुमच्यापाशी! माहं काही अडत नाई. मी सोता नळ्या विकतो!”

हे वाक्य त्यांनी रागात फेकलं होतं, पण परतीच्या एसटीत ते त्यांच्या डोक्यात बसलं आणि समुद्रपूर येईपर्यंत त्याची योजना झाली. खरंच की! दुकानात फवारणीच्या पंपांच्या नळ्या होत्या. जाड, काळ्या, पंपाचा दाब मुकाट्यानं सोसणाऱ्या. त्यांच्यापुढं गॅसचा दाब म्हणजे काय? फुंकर! ते एसटीत एकटेच हसले, तेव्हा शेजारच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर घेतली.

अडचण एवढीच आली की नव्या नळ्यांची तोंडं शेगडीला बसेनात. मग कोपऱ्यात पडलेला एक पंप सापडला. चार महिने वापरून गिऱ्हाइकानं परत आणून आपटलेला. त्याच्या नळीची पितळी तोंडं दोन्ही बाजूंनी अशी बसली की जणू कंपनीनं जोडीच पाठवली होती. वापरलेली नळी म्हणून प्रभाकररावांनी ती साबणाच्या पाण्यानं तीन वेळा धुतली, रात्रभर टांगून ठेवली, सकाळी नाकाशी धरून हुंगली.

काही वास नव्हता. अगदी स्वच्छ!

शुक्रवारी सकाळी त्यांनी अंगणात प्रात्यक्षिक ठेवलं. कंपन्या शेतात ठेवतात तसंच. चटई अंथरली. पंचफुलाबाईंना मुद्दाम बोलावलं, कारण उद्याच्या बसच्या त्या प्रमुख. रूपराव न बोलावता आले. सुलोचनाबाई भिंतीपलीकडं आपल्या अंगणात स्टूल टाकून बसल्या. अनुसयाबाईंनी नवं पातेलं, दूध, साखर, चहापत्ती मांडली. आदल्या दिवशीच त्यांनी बसमध्ये नेसायचं पातळ इस्त्री करून खुंटीवर लावलं होतं.

“एजन्सीवाल्यायले वाटलं, यांच्यावाचून आपलं अडते,” प्रभाकररावांनी भाषण सुरू केलं. “हे नळी पाहा. मानूस लोंबकळला तरी तुटनार नाई!”

“लोंबकळायचं कोनाले हाये, भाऊजी? चहा करायचा हाये नं?” सुलोचनाबाई म्हणाल्या.

प्रभाकररावांनी तिकडं पाहिलंही नाही. वाटीतला फेस घेऊन नळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लावला. एकही फुगा नाही. पुन्हा लावला. नाही! रूपरावांनी टाळी वाजवली. अनुसयाबाईंच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं आणि त्यांनी पदराची गाठ सोडून काडीपेटी नवऱ्याच्या हातात दिली. हा क्षण प्रभाकररावांच्या आयुष्यातला फार मोठा होता. दुर्दैवानं तो अर्ध्या मिनिटाचाच होता.

शेगडी पेटली. जाळ निळा यायला हवा, तो हिरवट-पिवळा आला. पातेलं ठेवलं. आणि मग नळीच्या आत चार महिने मुरलेलं, तीन धुण्यांना दाद न दिलेलं औषध गॅसबरोबर बाहेर पडू लागलं.

आधी पंचफुलाबाई खोकल्या. मग रूपराव डोळे चोळत उठले. “अगा आईऽऽ” असा आवाज करत ते फाटकाकडं धावले, त्यांच्या चपला चटईपाशीच राहिल्या. अनुसयाबाईंनी पदर नाकाला लावला. पेरूवरचे पोपट उडाले. पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी ओरडलं, “कोनं फवारा मारून राह्यलं बे, वस्तीत?”

एकटे प्रभाकरराव पातेल्यापुढं उकिडवे बसून चमचा फिरवत होते. “अवो, पळता काऊन? उकळी तं येऊ द्या!”

भिंतीवरून पाय टाकून सुलोचनाबाई कशा आल्या हे कोणालाच कळलं नाही. त्यांचे गुडघे गेलेले होते, गुडघ्यांमुळेच तर त्यांनी माहूरला नाही म्हटलं होतं. तोंडाला पदर, एका हातानं नॉब बंद, दुसऱ्या हातानं प्रभाकररावांची कॉलर धरून त्यांना अंगणाच्या टोकाला ओढलं. “सगळे वाऱ्याच्या इकडून उभे राहा! डोळे चोळू नका, पान्यानं धुवा! रूपरावजी, मोठ्यानं श्वास घ्या. पंचफुलाबाई, बसा खाली.” छत्तीस वर्षांची नोकरी त्या आवाजात होती. दहा मिनिटांत सगळ्यांचे डोळे धुऊन झाले, खोकले थांबले. कोणाला काही झालं नाही. पातेल्यातला चहा सुलोचनाबाईंनी खड्डा करून पुरला आणि वर दगड ठेवला.

मग त्या प्रभाकररावांकडं वळल्या. “भाऊजी, तुमाले खरंच वास नाई आला?”

“थोडासा आला.”

“कायचा?”

प्रभाकररावांनी विचार केला. “चहाचा.”

सुलोचनाबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, डोळे मिटायला लावले. घरातून काय काय आणून नाकाखाली धरलं. प्रभाकररावांनी लसणीला कापूर म्हटलं. कापराला साबण म्हटलं. हिंगाला ‘काही नाई’ म्हटलं. शेवटी रॉकेलचा बोळा धरला तेव्हा त्यांनी चेहरा खुलवून उत्तर दिलं, “गुलाबपानी!”

कोणी हसलं नाही. रूपरावसुद्धा नाही. आणि हसले नाहीत म्हणून प्रभाकररावांना खरं काय ते कळलं. बावीस वर्षं औषधांच्या डब्यांमध्ये बसून, फुटलेल्या बाटल्या हातानं उचलून, भुकटी उघड्या पोत्यातून मोजून देऊन त्यांचं नाक मेलं होतं. कधी मेलं, त्यांना पत्ताच नव्हता. डब्यावर कवटीचं चित्र असतं, दोन हाडं असतात. ते चित्र शेतकऱ्याला दाखवून ‘जपून वापरजा’ सांगणारा माणूस स्वतः त्याच डब्यावर कोपर टेकून डबा खात बसला होता. कंपनीनं शेगडी दिली आणि नाक नेलं. सौदा कंपनीच्याच फायद्याचा झाला.

“तुले माहीत होतं काय?” त्यांनी बायकोला विचारलं.

अनुसयाबाई भांडी आवरत होत्या. “दहा वर्सं झाले.”

“दहा? अन् बोलली नाई?”

“काय बोलू? वरन करपलं का तुमी म्हनता, वा, काय खमंग वास सुटला! तुमाले वाईट वाटू नाई म्हून मी हाव म्हनत गेली. दूध उतू जाते, तुमी बाजूले पेपर वाचत बसता. मी न्हानीतून पळत येते.” त्यांनी पातेलं पालथं घातलं. “म्हून तं दोन दिवसापासून जीव वरखाली होऊन राह्यला माह्या. शेगडी चालो का न चालो, मी जात नाई माहूरले. चार दिवस तुमी एकटे, घरात मोठी टाकी. सकाळी नॉब चालू राह्यला तं कोनाले समजनार?”

पंचफुलाबाई म्हणाल्या, “अवं, पन सीट ठेवली नं तुह्यी. खिडकीची.”

“दुसऱ्या कोनाले द्या.”

हे बोलताना अनुसयाबाईंचा आवाज अगदी साधा होता. बाजारातून मेथी आणायची नाही म्हणाव्यात तितका साधा. प्रभाकररावांना एजन्सीतली रांग हसली तेव्हा लागलं नव्हतं तेवढं आता लागलं. ‘ते माह्यावर सोड’ असं म्हणून त्यांनी तीन दिवसांत दीड हात नळीचे चौदा तुकडे केले, अर्धी आळी खोकलवली, आणि आता बायकोची सीट घालवली. ते स्टुलावर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडं कोणतीच योजना नव्हती.

“नळी भेटते,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“कोठी?”

“तुमच्या दुकानाच्या समोर. भांडेवाल्याकडे. गॅसचीच, सरकारी छापेवाली, पाह्यजे तेवढी कापून देते. मी मागच्या महिन्यात आनली.”

“मंग बुधवारीच काऊन नाई सांगतलं?”

“तुमी विचारलं काय?”

सुई टोचणाऱ्या बाईला विचारणं म्हणजे मान खाली घालणं, हे प्रभाकररावांना चांगलं ठाऊक होतं. भांडेवाल्याच्या दुकानासमोरून ते तीन दिवसांत आठ वेळा गेले होते. मुकाट्यानं उठले, गेले, दोन हात नवी नारिंगी नळी आणि दोन क्लिपा घेऊन आले. रूपरावांनी क्लिपा आवळल्या, टेपचं नाव काढलं नाही. सुलोचनाबाईंनी फेस लावला, फुगा नाही. हुंगून पाहिलं, वास नाही. जाळ निळाशार आला. चहा झाला, सगळ्यांनी घेतला, पण अनुसयाबाईंनी घेतला नाही. त्या आत जाऊन खुंटीवरचं पातळ घडी करू लागल्या होत्या.

तेव्हा प्रभाकरराव उठून भिंतीपाशी सुलोचनाबाईंकडं गेले. कपाळावरचा घाम पुसला. ज्या बाईसमोर ते तीस वर्षं मान वर करून बोलले नव्हते, तिच्यासमोर त्यांनी हात जोडले.

“बाई, चार दिवस सकाळ-संध्याकाळ आमच्या घरी येऊन वास घेसान काय?”

असली विनंती मराठी भाषेत याआधी कोणी कोणाला केली असेल असं वाटत नाही. रूपरावांनी हसू कपात लपवलं. सुलोचनाबाई मात्र गंभीर होत्या. “सकाळी सातले अन् संध्याकाळी सातले. नॉब मी बंद करीन. स्वयंपाक करू नका, डबा मी पाठवीन. कबूल?”

“कबूल.”

आतून पातळाच्या घडीचा आवाज थांबला.

शनिवारी सकाळी बस निघाली. शेगडी पत्र्याच्या पेटीत, टाकी नॉबला फडकं बांधून, आणि अनुसयाबाई खिडकीजवळ. प्रभाकरराव खाली उभे. बस हलली तेव्हा त्यांनी हात हलवला. अनुसयाबाईंनी पाहिलं नाही, त्या पलीकडं बघून कोणाला तरी काही सांगून हसत होत्या. आपली बायको असं मोठ्यानं हसते हे प्रभाकररावांना माहीत नव्हतं.

संध्याकाळी सातला सुलोचनाबाई आल्या. स्वयंपाकघरात गेल्या, हुंगलं, नॉब पाहिला. “ठीक हाये भाऊजी.” प्रभाकरराव पेपरमागून “हं” म्हणाले. पंचावन्न वर्षांचा माणूस, दुकानाचा मालक, आणि त्याचं घर दिवसातून दोनदा शेजारीण हुंगून जाते. आळीतली पोरं फाटकापाशी उभी राहून बघत होती. रविवारी मात्र त्यांनी खुर्ची पुढं केली. सोमवारी शेगावहून दुकानात फोन आला. एसटीडी बूथमधून अनुसयाबाई ओरडून बोलत होत्या, मागं बायकांचा गलका होता. पहिलं वाक्य, “सुलोचनाबाई येऊन गेल्या काय?” दुसरं, “बत्तीस बायांचा चहा केला मी, दिवसातून चार डाव!” तिसऱ्या वाक्याला फोन कटला. प्रभाकरराव तुटलेल्या फोनला “हाव, हाव” म्हणत राहिले.

त्या संध्याकाळी सुलोचनाबाईंनी हुंगलं आणि नेहमीचं “ठीक हाये” म्हणून निघाल्या, तेव्हा प्रभाकररावांनी थांबवलं.

“बाई, गॅसचा नाई. पन दुसरा कायचा वास हाये घरात?”

सुलोचनाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग खुर्चीवर बसल्या. “स्वयंपाकघरात जिऱ्याचा हाये. फडताळात लोनचं मुरून राह्यलं, त्याचा. देवाजवळ उदबत्ती कालची. दारामागं तुमचे दुकानाचे कपडे हायेत, त्यायचा औषधाचा, तो लय वाईट हाये. ते कपडे घरात आनत नोका जाऊ.”

“नाई आननार. अजून?”

“मधल्या खोलीत खोबऱ्याच्या तेलाचा अन् हळदीचा. वहिनीचा.”

प्रभाकररावांनी मधल्या खोलीकडं पाहिलं. तिथं खाट होती, खुंटी होती, रिकामा हँगर होता. दहा वर्षं हा वास त्यांच्या उशाशी होता आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. “येते काय अजून?” त्यांनी हळूच विचारलं.

“येते नं. चार दिवसानं कुठं जाते तो?”

प्रभाकररावांनी मान हलवली. कंपनीनं शेगडी दिली तेव्हा त्यांनी छापील आभारपत्रावर सही केली होती. या बाईचे आभार कशावर सही करून मानायचे, ते त्यांना सुचेना. “लय उपकार झाले तुमचे, बाई,” ते म्हणाले. “अजून सांगा. अजून कायचा येते?”

सुलोचनाबाईंनी पुन्हा एकदा श्वास घेतला आणि पदर नाकाला लावला. “अजून एक हाये. सांगू काय, राग नाई येनार?”

“नाई येनार. सांगा.”

“तुमी शनिवारपासून आंघोळ नाई केली. उद्या सकाळी येऊन राह्यल्या त्या. उठा, पानी घ्या आंगावर.”

प्रभाकरराव उठले, टॉवेल घेतला आणि न्हाणीच्या दारात थांबून म्हणाले, “जाऊ नका, बाई. बाहेर आलो का एकडाव पाहून सांगजा, गेला काय म्हून.”